वर्गणी आणि खाडा

सोलापुरांतील कोणत्याहि मध्यम स्थितीच्या घरांत गेलें असतां स्वयंपाकघराच्या दारामागें एक दिनदर्शिका टांगलेली दिसते, आणि तिच्यावरील कांहीं तारखांवर फुल्या मारलेल्या असतात. ज्या दिवशीं दूधवाला आला नाहीं त्या दिवसाची ती फुली; तिलाच आपण खाडा म्हणतों. महिनाअखेर हिशेब होतो तेव्हां दूधवाला आणि गृहिणी यांचें घटकाभर वाजतें. पण ‘खाडा कशाचा?’ असा प्रश्न दूधवाला कधीं विचारीत नाहीं. जें आलें नाहीं त्याचे पैसे नाहींत, ही गोष्ट उभयतांस मान्यच असते. वाद असतो तो फुल्यांच्या संख्येविषयीं. खाणावळींत महिन्याचे पैसे आगाऊ भरणारा विद्यार्थीहि याच नियमानें चालतो. वाङ्मयविषयक मासिकांत दुधाच्या हिशेबाचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. तें प्रयोजन असें.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आणि मुलगा महाविद्यालयांत शिकून सायंकाळीं एका दुकानांत हिशेब लिहितो. या मुलास ऑनलाइन खेळांचा नाद आहे. नाद हा शब्द आम्ही निंदेनें योजीत नाहीं. वाचनाचा नाद आम्हांसहि आहे, आणि तोहि स्वस्त नाहीं. साठविलेल्या पैशांतून त्यानें एका नव्या खेळाची सहा महिन्यांची वर्गणी एकदम भरली. खेळ ठरल्या दिवशीं सुरू झाला; परंतु पहिला आठवडा दाराबाहेर रांगेंत उभें राहण्यांतच गेला, जाहिरातींत दाखविलेल्या नगरांपैकीं एकाच्या वेशीवर ‘लवकरच’ अशी पाटी होती, आणि अंगावर घेतलेल्या कामगिऱ्या मध्येंच तुटत होत्या. कंपनीनें धीर धरण्याची विनंति केली. एके दिवशीं तो आम्हांस म्हणाला, “काका, दूध आलं नाही तर आई भिंतीवर खाडा मांडते. ह्यांचा खाडा मी कुठल्या भिंतीवर मांडू?” या प्रश्नास आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हतें. तें शोधण्याचा प्रयत्न येथें केला आहे.

ज्यांस या खेळांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. बुद्धिबळाचा पट एकदां विकत घेतला कीं तो आपला होतो. तो करणारा कारखाना पुढें बुडाला तरी आपला डाव चालूच राहतो. वर्गणीच्या ऑनलाइन खेळाचें तसें नाहीं. खेळाडूच्या हातीं असतो तो केवळ दरवाजा. आंतील नगरें, अरण्यें, बाजार आणि युद्धें हीं सारीं कंपनीच्या संगणकांवर नांदत असतात, आणि हजारों माणसें एकाच वेळीं तेथें वावरतात म्हणूनच त्यांस गोडी येते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या जातीचा अत्यंत प्रसिद्ध खेळ २००४ सालीं निघाला. त्याची अमेरिकेंतील वर्गणी दरमहा सुमारें पंधरा डॉलर, म्हणजे आजच्या भावानें हजार रुपयांहून अधिक आहे. हा पैसा एखाद्या वस्तूची किंमत नव्हे. तें त्या जगांत राहण्याचें भाडें होय. भाडें घेणाऱ्यानें घर कोणत्या स्थितींत भाडेकरूच्या स्वाधीन करावें, हा प्रश्न म्हणूनच येथें उपस्थित होतो.

कंपन्यांचा पक्ष प्रथम न्यायबुद्धीनें मांडूं. त्या म्हणतात, असें जग कधींच पुरें होत नसतें. तें वाढतें, बदलतें, आणि त्यांतच त्याचें सौंदर्य आहे. लाखों खेळाडू एकदम आंत शिरल्यावर काय होईल हें मोजक्या परीक्षकांस आधीं कळूं शकत नाहीं. शिवाय निर्मितीचा पैसा संपत आलेला असतो. आज दार उघडलें नाहीं तर उद्यां तें उघडण्यास कोणी उरणार नाहीं. यांतील पहिलीं दोन विधानें खरीं आहेत, आणि तिसरें अनेकदां खरें असतें. म्हणून ‘अपूर्ण कृतीसाठीं पैसे घेणें हेंच पाप’ असा जो सरसकट निवाडा रागावलेले खेळाडू देतात तो आम्हांस मान्य नाहीं. तो मान्य केला तर आमच्या वाङ्मयाचा बराच मोठा भाग गुन्हेगार ठरेल.

हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ काढलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. त्या वेळच्या वर्गणीदारानें जिच्यासाठीं पैसे भरले त्या कादंबरीचा शेवट हातीं येण्यास त्यास पुढें कित्येक महिने वाट पाहावी लागली. त्याची फसवणूक झाली काय? मुळींच नाहीं. कादंबरी चालू आहे हें त्यास ठाऊक होतें, आणि जें प्रकरण हातीं येई तें वाचतां येई. त्यांतील वाक्यें अर्ध्यावर तुटलेलीं नसत, आणि यमूचें सुखदुःख त्या आठवड्यापुरतें तरी सबंध असे. ‘क्रमशः’ हा शब्द वर्गणीदाराशीं केलेला एक करार आहे. उरलेलें पुढें मिळेल, आणि आज जें दिलें तें आजच उपयोगी पडेल, हीं त्या कराराचीं दोन कलमें.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें उदाहरण याहून मोठें आहे. भागीदार आणि वर्गणीदार यांच्या बळावर उभारलेल्या या ग्रंथाचे तेवीस खंड १९२० नंतरच्या दशकांत बाहेर पडले. पहिले पांच खंड प्रस्तावनेचे होते. ‘अ’ या अक्षरास आरंभ झाला तो सहाव्या खंडांत. अकारापासून माहितीची अपेक्षा धरून बसलेल्या वर्गणीदारास पांच प्रस्तावना वाचाव्या लागल्या, याबद्दल त्या काळीं कोणी थट्टा केली असेल तर ती अगदींच अकारण नव्हती. परंतु ‘वेदविद्या’ घ्या, ‘बुद्धपूर्व जग’ घ्या, ‘विज्ञानेतिहास’ घ्या. यांतील प्रत्येक खंड पुढचा एकहि खंड निघाला नसता तरी स्वतंत्र ग्रंथ म्हणून उभा राहिला असता. आणि केतकरांनीं आणखी एक गोष्ट केली. ज्ञानकोश मंडळाचा इतिहास त्यांनीं ‘माझें बारा वर्षांचें काम’ या नांवानें स्वतः लिहिला. लोकांच्या पैशावर दीर्घ काम करणाऱ्यानें आपला हिशेब लोकांपुढें ठेवावा, हें जणूं त्या कराराचें तिसरें कलम होय.

आमच्या नगरींतहि असें उदाहरण आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानें जीवराज जैन ग्रंथमालेंत यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तिन्ही लोकांचें वर्णन आहे. पहिला भाग १९४३ सालीं निघाला. दुसरा निघण्यास १९५१ साल उजाडलें. आठ वर्षें अभ्यासकांजवळ त्रैलोक्याचा एकच तुकडा होता. पण तो पहिला भाग आहे हें ग्रंथावरच नमूद होतें, आणि उपाध्ये व हीरालाल जैन या संपादकांनीं जेवढें दिलें तेवढें शुद्ध करून दिलें.

मराठी मासिकांच्या चालकांनीं मात्र या कराराचें पालन नेहमींच केलें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. अंकास उशीर झाला कीं दोन महिन्यांचा जोडअंक काढावयाचा आणि त्याचीं पानें एका अंकाइतकींच ठेवावयाचीं, ही युक्ति आमच्याच व्यवसायाची. वर्षाची वर्गणी घेऊन तिसऱ्या अंकानंतर निजलेलीं मासिकेंहि वाचकांस आठवत असतील. हें आम्ही अशासाठीं सांगतों कीं, खेळांच्या कंपन्यांस दोष देतांना आपले हात स्वच्छ आहेत असा आव आणणें शोभणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष एका खेळाचें परीक्षण करूं. जपानी कंपनी स्क्वेअर एनिक्स हिनें ३० सप्टेंबर २०१० रोजीं ‘फायनल फँटसी चौदा’ हा खेळ प्रसिद्ध केला. मालिकेचें नांव मोठें, चित्रें देखणीं, संगीत भारदस्त. आणि खेळ मात्र कमालीचा कच्चा. एकाच घडणीचे डोंगर व वाटा पुनःपुन्हां जोडून मैलोगणती प्रदेश भरून काढलेला होता. प्रत्येक लहान क्रियेस विलंब लागे. सर्वांत मोठें न्यून बाजाराचें होतें. खेळाडूंचा माल विकणारे नोकर दालनांत ओळीनें उभे असत, आणि हवी ती वस्तु कोणाजवळ आहे हें कळण्याचें साधन नसल्यामुळें गिऱ्हाइकानें एकेकाची झडती घेत फिरावें! पुढें या खेळाची धुरा ज्यांनीं वाहिली त्या नाओकी योशिदा यांनीं स्वतःच सांगितलें आहे कीं, त्यांतील एका फुलझाडाच्या कुंडीवर मनुष्याच्या आकृतीइतकीच कारागिरी खर्ची पडली होती. या एका गोष्टींत त्या कृतीचा सारा दोष सांपडतो. कुंडी जाहिरातींत दिसते. बाजार राहावयास गेल्यावरच कळतो.

परंतु आम्ही या खेळाची निवड केली ती त्याच्या दोषांसाठीं नव्हे, त्यानंतर जें घडलें त्यासाठीं. डिसेंबर २०१० मध्यें कंपनीचे अध्यक्ष योइची वादा यांनीं जाहीर क्षमा मागितली, निर्मितीची सूत्रें योशिदा यांच्याकडे दिलीं, आणि खेळ योग्यतेस येईपर्यंत मासिक वर्गणी घेण्याचें बंद केलें. एक वर्षाहून अधिक काळ ती बंद राहिली. सुधारलेल्या खेळावर ती जानेवारी २०१२ मध्यें पुन्हां सुरू झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आकाशांतील एक तांबडा चंद्र कोसळून तें जुनें जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत नष्ट झालें, आणि २७ ऑगस्ट २०१३ रोजीं त्याच्या जागीं नवें उभें राहिलें. स्वतःच्या फसलेल्या कृतीचा अंत कथेंतच गोवून तिला मूठमाती देण्याचें हें धैर्य साहित्यांतहि विरळा आढळतें. ग्रंथकार दुसरी आवृत्ति सुधारून काढतात. पहिल्या आवृत्तीस तिच्या वाचकांसमक्ष अग्नि देणारा आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढें २०२१ च्या डिसेंबरांत याच खेळाची ‘एंडवॉकर’ ही पुरवणी निघाली, तेव्हां संकट उलट्या दिशेनें आलें. खेळ उत्तम होता, पण आंत शिरणाऱ्यांची गर्दी इतकी झाली कीं कित्येकांस तासन्‌तास रांगेंत राहावें लागलें. कंपनीनें वर्गणीदारांस प्रथम सात दिवस व नंतर आणखी चौदा दिवस विनामूल्य वाढवून दिले, आणि गर्दी ओसरेपर्यंत खेळाची नवी विक्रीहि थांबविली. दुकानांत गिऱ्हाईक मावत नाहीं म्हणून माल विकण्याचें थांबविणारा दुकानदार आम्हीं आमच्या नव्या पेठेंत तरी दिवाळीच्या दिवसांत पाहिलेला नाहीं! त्या शेजारच्या मुलानें जो खाडा मागितला तो हाच. तो देतां येतो, आणि दिल्यानें व्यापार बुडत नाहीं, हें या उदाहरणानें सिद्ध झालें आहे.

याच्या उलट बाजूचा दाखला ‘फॉलआउट ७६’ या अमेरिकन खेळाचा. तो नोव्हेंबर २०१८ मध्यें निघाला तेव्हां त्या उजाड प्रदेशांत खेळाडूंखेरीज बोलणारें मनुष्य भेटतच नव्हतें. कथा काय ती ध्वनिमुद्रणांतून आणि चिठ्ठ्यांतून जमवावयाची. दोषांचा सुकाळ होता. पहिली किंमत खेळाडूंनीं आधींच मोजली होती. अशा स्थितींत ऑक्टोबर २०१९ मध्यें कंपनीनें खेळाचीं उणीवें भरून काढण्यापूर्वींच वर एक ऐच्छिक वर्गणी बसविली. वर्षाचे शंभर डॉलर. त्या वर्गणीबरोबर खेळांतील सामान ठेवण्याची एक अमर्याद पेटी देण्यांत आली, आणि कांहीं वर्गणीदारांचें सामान त्या पेटींतच नाहींसें झालें! माणसें त्या जगांत आलीं तीं एप्रिल २०२० मध्यें. आतां हा खेळ पुष्कळ सुधारला आहे व त्यास चाहतेहि आहेत, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. पण उशिरां आलेलें दूध चांगलें निघालें म्हणून न आलेल्या दिवसांच्या फुल्या पुसल्या जात नाहींत.

आणि ‘स्टार सिटिझन’विषयीं काय म्हणावें? २०१२ सालीं लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन आरंभिलेला हा आकाशयानांचा खेळ २०१४ सालीं पुरा व्हावयाचा होता. २०२४ पर्यंत त्यास सत्तर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. ग्रंथ मात्र तेव्हांहि प्रस्तावनाखंडांतच होता. येथें अपूर्णता लपविलेली नाहीं, ही गोष्ट त्याच्या निर्मात्यांच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. आमचा आक्षेप निराळा आहे. जेथें अपूर्णतेसच गिऱ्हाईक मिळतें तेथें पूर्णतेची निकड कोणास वाटावी?

महाराष्ट्रांतहि आतां असे खेळ होऊं लागले आहेत, म्हणून हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाहीं. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीनें ‘इंडस’ हा खेळ २०२२ सालीं जाहीर केला, निवडक खेळाडूंस तो चाचणी म्हणूनच खेळावयास दिला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वांस खुला केला. त्यांत प्रवेशास मूल्य नाहीं. खेळ कसा आहे याविषयीं मतभेद असतील. परंतु चाचणीस चाचणी म्हटलें, एवढें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. कायद्याची स्थिति पाहिली तर २०२५ सालीं संसदेनें केलेला ऑनलाइन खेळांचा कायदा पैसे लावून खेळण्यास बंदी करितो, आणि पण न लावतां खेळावयाच्या खेळांस प्रवेशाची वर्गणी घेण्यास मुभा ठेवितो. रिझर्व्ह बँकेच्या नियमान्वयें कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गणीची सूचना किमान चोवीस तास आधीं मिळते. म्हणजे पैसा केव्हां जाणार हें आपणांस कळतें. त्याच्या मोबदल्यांत काय येणार हें सांगण्याचें बंधन तितकेंच कडक असावें, अशी अपेक्षा अवास्तव नव्हे.

आतां टीकाकारांविषयीं चार शब्द. कारण या प्रकारांत त्यांचा वांटा लहान नाहीं. ‘सध्यां उणीवा आहेत, पण पुढें हा खेळ थोर होईल’ असे अभिप्राय आम्ही वारंवार वाचतों. हें परीक्षण नव्हे, भविष्यकथन होय. सोलापुरी चादर जॅकार्डच्या मागावर असतांना तिचा हातभर भाग पाहून जाणता व्यापारी नक्षीचा अंदाज करितो, आणि मागणीहि नोंदवितो. पण त्या हातभर तुकड्यास चादर म्हणून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर घालीत नाहीं. टीकाकारानें हाच विवेक राखावा. ज्या दिवशीं पैसा घेतला त्या दिवशीं वस्तु काय होती, यावरच पहिला निर्णय द्यावा. आणि वर्षानें परत जाऊन, निर्मात्यानें श्रम केले असतील तर, तितक्याच मोकळ्या मनानें दुसरा निर्णय लिहावा. पहिला निर्णय दुसऱ्यानें रद्द होत नाहीं, आणि दुसरा पहिल्याच्या रागानें दडपूं नये. खेळाडूंसहि आमची एक सूचना आहे. नव्या खेळाची वर्गणी पहिल्या खेपेस महिन्याचीच भरावी. वर्षाच्या वर्गणींत थोडी सूट मिळते हें खरें. पण त्या सुटीच्या मोबदल्यांत आपण आपला खाडा मांडण्याचा एकमेव उपाय, म्हणजे पुढील महिन्यास नकार देण्याचा अधिकार, विकून बसतों.

त्या मुलानें अखेर आईच्याच दिनदर्शिकेवर निळ्या शाईनें निराळ्या फुल्या मांडिल्या. सहा महिन्यांत त्या एकतीस भरल्या. म्हणजे एका महिन्याचा पुरता खाडा. त्यानें त्या तारखांची यादी करून कंपनीकडे पाठविली, आणि ‘आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोंत’ असें छापील उत्तर त्यास आलें. वर्गणी त्यानें पुन्हां भरली नाहीं. तो खेळ अलीकडे सुधारला आहे असें आम्ही ऐकतों. तसें असल्यास त्याविषयीं पुन्हां लिहिण्यास आम्हांस संतोषच वाटेल. त्याच्या आईस मात्र या व्यवहारांतील एकच गोष्ट अद्याप उमगलेली नाहीं. महिन्याचे पैसे घेणारा हा मनुष्य महिनाअखेर हिशेबाला दारीं कां येत नाहीं, असें ती विचारते.